बहुमत आणि बहुसंख्य: लोकशाहीवरचा जुना आक्षेप आणि संविधान सभेतली एक दुरुस्ती

उदारमतवादी लोकशाहीवर टीका केली की माणूस लोकशाहीचा विरोधक ठरतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात सर्वात टोकदार टीका उदारमतवाद्यांनीच केली. अलेक्सी द तोकव्हील हा फ्रेंच विचारवंत अमेरिका फिरून आला आणि १८३५ मध्ये त्याने ‘बहुमताच्या जुलमा’चा इशारा दिला. राजाने अन्याय केला तर लोकांकडे जाता येतं. लोकांच्या बहुमतानेच केला तर कुणाकडे जायचं? जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की फक्त बहुमताचेच प्रतिनिधी निवडून येणारी लोकशाही ही खरी लोकशाहीच नव्हे. उपाय म्हणून त्याने टॉमस हेअर यांच्या प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीचा पुरस्कार केला. म्हणजे काय, तर जितकी मतं, साधारण तितक्या जागा.

इक्बाल यांची लोकशाहीवरची टीका आपल्याकडे मुशायऱ्यांत आणि तकरीरींत ऐकू येते. ही दुसरी टीका मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि मतदाराच्या कामाची तीच जास्त आहे.

भारतात हा प्रश्न सर्वात स्पष्ट मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मे १९४५ मधलं मुंबईतलं भाषण आणि १९४७ चं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन, दोन्हींचा गाभा एकच. राजकीय बहुमत बनतं आणि मोडतं, जातीय बहुमत जन्मानेच ठरतं. हरणाऱ्याने निकाल मान्य करावा, कारण पुढच्या खेपेला तो जिंकू शकतो, यावर सगळी संसदीय लोकशाही उभी आहे. ज्याचं अल्पसंख्य असणं कायमचं आहे, त्याला ही ‘पुढची खेप’ कुठून मिळणार?

ऑगस्ट १९४७ मध्ये संविधान सभेने स्वतंत्र मतदारसंघ नाकारले, पण अल्पसंख्याकांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मान्य केल्या. त्यानंतर जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुस्लिम सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली: लोकसभेसाठी अनेक जागांचे मतदारसंघ असावेत आणि मतदाराला आपली मतं एकवटून देता यावीत. समजा मतदारसंघात तीन जागा आहेत. तर प्रत्येकाला तीन मतं, आणि हवं तर तिन्ही एकाच उमेदवाराला. धर्माचं नाव कुठेच नाही, राखीव जागा नाही, तरी विखुरलेला गट, मग तो समाज असो की छोटा पक्ष, आपला एक माणूस निवडून आणू शकतो.

आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. या पद्धतीला साक्षर मतदार लागतो आणि देशात साक्षरता फार कमी आहे. सभागृहाचे तुकडे होऊन सरकार अस्थिर होईल. ही दोन कारणं आजही सांगितली जातात. तिसरं कारण मात्र विसरलं गेलं: अल्पसंख्याकांना ठरलेल्या जागा मिळालेल्याच आहेत, प्रमाणशीर पद्धतीत तेवढी हमी राहणार नाही, म्हणून कोटा सोडायचा का हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

चारच महिन्यांनी, मे १९४९ मध्ये, धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द झाल्या. बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांचाही याला पाठिंबा होता. राखीव जागांमुळे आपण कायमचे वेगळे पडू, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बिनबुडाचं नव्हतं. पण कोटा गेल्यावर प्रमाणशीर पद्धत तरी आली का? तीही नाही. दोन्ही दारं बंद झाली.

राहिली ती ‘ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी’ ही ब्रिटिश पद्धत. १९८४ मध्ये काँग्रेसला सुमारे ४९ टक्के मतांवर ४०० हून अधिक जागा मिळाल्या. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर २८२, तर काँग्रेसला १९ टक्क्यांवर फक्त ४४. फायदा कधी याचा, कधी त्याचा. विखुरलेल्या मतदाराचं नुकसान मात्र दोन्ही वेळा.

प्रमाणशीर पद्धत निर्दोष आहे असं कुणी समजू नये. इस्रायलमध्ये ती आहे, आणि तिथे छोटे कट्टर पक्ष सरकारला वेठीला धरतात. शिवाय आपल्या संविधानाला ती परकी नाही: राज्यसभेचे खासदार आमदारांच्या पसंतीक्रमाच्या मतांनी, याच तत्त्वावर निवडले जातात.