दहा बाय बाराची खोली आणि पाठीमागचा आवाज

मागच्या महिन्यात भाच्याने पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच घरी आणला. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा फुटांची. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकलेला सोफा आणि मधून स्वयंपाकघरात जायची वाट. त्याने पुढचे तीन स्पीकर टीव्हीजवळ मांडले आणि मागचे दोन सोफ्याच्या दोन टोकांना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठोकले. पिक्चर सुरू झाला. पडद्यावर पाऊस पडत होता. डाव्या टोकाला अब्बा बसले होते.

अब्बांची उमेदीची वर्षे भिवंडीत यंत्रमागावर गेली. मागाच्या खडखडाटाने त्यांचे दोन्ही कान मंदावले आहेत, उजवा तर जवळपास गेलाच. चांगल्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर पाऊस कोसळत होता आणि पडद्यावरची माणसे फक्त ओठ हलवत होती. शेवटी ते म्हणाले, "अरे, ही माणसं बोलतायत काय? मिनर्व्हात 'शोले' पाहिला तेव्हा आवाज चहूबाजूंनी यायचा, पण शब्द न् शब्द कळायचा."

भाचा म्हणाला, "नाना, तिथले स्पीकर मोठे होते." मला ते पटले नाही, म्हणून या पाठीमागच्या आवाजाचा इतिहास चाळायला बसलो.

सुरुवात 1881 साली होते. पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ट्रान्समीटर बसवले आणि दूरच्या दालनात लोकांना दोन कानांना दोन रिसीव्हर लावून ऐकवले. गायक डावीकडून उजवीकडे गेला की ऐकणाऱ्याला ते कळत असे. पुढे 1931 मध्ये इंग्लंडच्या ईएमआय कंपनीतल्या ॲलन ब्लमलाइनने स्टिरिओ आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला. सिनेमात नट पडद्याच्या एका कडेला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकले, असे सांगतात.

मला महत्त्वाचा वाटतो तो 1933 मधला अमेरिकेतला प्रयोग. बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर यांच्या चमूने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेने वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. तिथे रिकाम्या मंचावर तीन स्पीकर होते. दोन पुरले असते, मग तिसरा कशाला? कारण दोनच स्पीकर असले की मधोमध बसलेल्यालाच आवाज मधून येतो असे वाटते. कडेला बसलेल्याला तो जवळच्या स्पीकरकडे सरकलेला वाटतो. मधला स्पीकर हा कडेच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा स्पीकर आहे. आमच्या घरात ती खुर्ची अब्बांची.

आवाज प्रेक्षकांच्या पाठीमागे गेला तो सिनेमामुळे. 1940 मध्ये डिस्नेच्या 'फँटासिया'साठी 'फँटासाउंड' नावाची व्यवस्था उभारली गेली. ती इतकी खर्चिक होती की मोजक्याच थिएटरांत बसली. 1952 मध्ये सिनेरामा आला. त्यात सात ट्रॅक होते, पाच पडद्यामागे आणि फक्त दोन सभागृहासाठी. 1953 मध्ये 'द रोब'बरोबर सिनेमास्कोप आला. त्यात चार ट्रॅक, तीन पुढे आणि एक सभागृहात. हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. पैसा, यंत्रे, भलीमोठी थिएटरे, सगळे हाताशी असूनही वजन पुढेच होते. शिवाय सिनेमास्कोपचा तो चौथा ट्रॅक सिनेमाभर वाजतही नसे. त्याची खरखर शांत प्रसंगात ऐकू येई, म्हणून मागचे स्पीकर गरजेपुरते चालू करणारा एक इशाऱ्याचा सूर त्या ट्रॅकवरच नोंदवलेला असे.

या खरखरीवर उपाय शोधणारा माणूस भारतात राहून गेला होता. 1963 ते 1965 या काळात रे डॉल्बी युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून चंदीगडला केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत होते. टेपवरची खरखर कमी करण्याची कल्पना त्यांना याच मुक्कामात सुचली. 1965 मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली आणि पुढल्या दहा-बारा वर्षांत डॉल्बी स्टिरिओ थिएटरांत पोहोचले.

मधल्या काळात घरासाठी एक मोठा प्रयत्न होऊन फसला. 1970 नंतरच्या काही वर्षांत क्वाड्रोफोनिक तबकड्या निघाल्या. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार सारखे स्पीकर आणि ऐकणारा बरोबर मध्यभागी, अशी ती मांडणी. सीबीएसची पद्धत वेगळी, सान्सुईची वेगळी, जेव्हीसीची वेगळी, आणि एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना. हे एक कारण झाले. दुसरे असे की घराच्या मध्यभागी कोणी बसत नाही. तिथे टीपॉय असतो, मुले खेळतात, येण्याजाण्याची वाट असते. दशक संपायच्या आत क्वाड्रोफोनिक बाजारातून गेले.

डॉल्बीच्या अभियंत्यांनी घराचा विचार वेगळ्या बाजूने केला. 1982 मध्ये घरगुती डॉल्बी सराउंड आले आणि 1987 मध्ये प्रो लॉजिक. यात मागचा आवाज एकच होता, दोन स्पीकरना वाटून दिलेला. त्यातला बारीक, टोकदार भाग 7 किलोहर्ट्झच्या वर कापलेला होता आणि तो मुद्दाम काही मिलिसेकंद उशिरा सोडला जाई. उशीर कशासाठी? 1949 मध्ये जर्मनीत गॉटिंगनला हेल्मुट हास यांनी आपल्या प्रबंधात दाखवले होते की तोच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या फरकाने आला, तर आपल्याला तो पहिल्याच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो. उशिरा आलेला आवाज वेगळा ऐकू येत नाही, पहिल्यात मिसळून जातो. म्हणून पुढचे संवाद चुकून मागे पाझरले तरी ऐकणाऱ्याला ते पडद्यावरूनच येतात असे वाटे.

मागचे दोन स्पीकर एकमेकांपासून स्वतंत्र झाले ते 1979 च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या 70 मिमी प्रतींत. त्यातले हेलिकॉप्टर प्रेक्षकांभोवती फिरते. 1992 मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल आले आणि पाच अधिक एक ही रचना रूढ झाली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने स्पीकरच्या मांडणीची शिफारसही केली. पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून 30 अंशांवर आणि मागचे दोन 100 ते 120 अंशांवर. नव्वद अंश म्हणजे थेट कानाच्या रेषेत. म्हणजे ज्यांना आपण 'मागचे' म्हणतो ते खरे तर बाजूचे स्पीकर, कानाच्या किंचित मागे.

आता हे सगळे दहा बाय बारात आणू. सोफ्याच्या मधोमध बसलो तर बाजूची भिंत पाच फुटांवर येते. तिथे 110 अंशांवर स्पीकर लावायचा तर कानाच्या रेषेमागे पावणेदोन ते दोन फूट जागा हवी. सोफा भिंतीला टेकला की एवढी जागा उरत नाही. तो फूटभर पुढे ओढता आला तर उत्तम. नाहीतर स्पीकर सरळ बाजूच्या भिंतीवर, कानाच्या रेषेत लावावा. कानाच्या उंचीवर मात्र नको. बसलेल्या माणसाच्या कानापासून दोनेक फूट वर असला की टोकाला बसलेल्यावर तो तुटून पडत नाही. तोंडही जवळच्या डोक्याकडे नको, समोरच्या भिंतीकडे असावे. मोठे स्पीकर कशाला? जड आवाज सबवूफर सांभाळतो. पाच फुटांवरून पाऊस ऐकवायला तळहाताएवढा स्पीकर पुरतो. पैसे वाचले तर ते मधल्या स्पीकरवर घालावेत.

एक आकडेमोड राहते. आवाज एका फुटाला साधारण एक मिलिसेकंद घेतो. पुढचा स्पीकर नऊ फुटांवर आणि बाजूचा पाचवर असेल, तर बाजूचा आवाज चार मिलिसेकंद आधी पोहोचतो, आणि हास यांच्या नियमाने कान त्याच्याकडे वळतो. ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरायची सोय असते ती यासाठीच. टेपने मोजून भरायला पाच मिनिटे लागतात. भाच्याने सगळ्यांना दहा फूट भरून टाकले होते.

रविवारी आम्ही दोघांनी भिंतीतले खिळे उपसले. बाजूचे स्पीकर वर गेले, त्यांचा आवाज दोन घरे खाली आला आणि मधल्याचा दोन घरे वर. मधला स्पीकर टीव्हीखालच्या फळीवर आत सरकवलेला होता, तो कडेला ओढून पुस्तकाच्या आधाराने बसणाऱ्यांच्या तोंडाकडे कलता केला. अब्बांना मी मधोमध बसायला सांगितले. ते उठले नाहीत. वीस वर्षांपासूनची त्यांची जागा आहे, तिथून दार दिसते.

तोच पिक्चर पुन्हा लावला. पाऊस सुरू झाला, खोलीभर, पण कोणत्या स्पीकरमधून ते सांगता येईना. दहा मिनिटांनी अब्बांनी हात वर केला. भाच्याला वाटले, पुन्हा काहीतरी बिनसले.

"आवाज जरा कमी कर," अब्बा म्हणाले. "कळतंय सगळं."