शेतसाऱ्यावरील एक आणा

गांवच्या रस्त्यावर खड्डा दिसला कीं आपण सरकारला बोल लावतों. पण त्या रस्त्याचा पैसा येतो कोठून, हें क्वचितच विचारतों. मुंबई इलाख्यांत १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंडाची पट्टी घेऊं लागले. १८६९ सालीं तिला कायद्याचें रूप आलें. तिच्या उत्पन्नाचे दोन वांटे रस्त्यांसारख्या कामांकडे व एक वांटा शाळांकडे जाई. रस्ता सरकारी म्हणवला, तरी पैसा कुणब्याचा होता.

पुढें मोटारी आल्या. त्यांच्या चाकांखालीं खडीचे रस्ते उखडूं लागले. दुरुस्तीचा भार मात्र प्रांतांवर व लोकल बोर्डांवरच राहिला. १९२७ सालीं बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें स्पष्ट सांगितलें कीं, हा खर्च त्यांच्या आवांक्याबाहेरचा आहे. त्यानंतर १९२९ पासून पेट्रोलच्या गॅलनमागें दोन आणे जादा जकात बसली व तींतून रस्ता निधि उभा राहिला. ज्याची मोटार, त्याचाही हातभार, हें तत्त्व रुजलें.

२००० सालीं सुरू झालेल्या ग्रामसडक योजनेंत पहिलीं पांच वर्षें देखभाल ठेकेदाराकडेच ठेवली. सहाव्या वर्षाचें काय? रस्ता बांधण्याचा खर्च एकदां होतो, राखण्याचा दरसाल. अंदाजपत्रक वाचतांना आपण ही दुसरी रक्कम आधीं शोधावी.