सरोवराकाठचे एक लहान घर

पाण्याकाठी राहणे ही माणसाची फार जुनी सवय आहे. परंतु घरात बसून पाण्याकडे पाहत राहणे ही मात्र अलीकडची आवड आहे. या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. नदीकाठी वस्ती झाली ती पिण्याच्या पाण्यासाठी, शेतीसाठी, नावेसाठी, देखाव्यासाठी नव्हे. आपल्या कोकणातील गुहागर किंवा दिवेआगर यांसारखी जुनी गावे पाहावीत. समुद्र हाकेच्या अंतरावर. पण घरे रस्त्याच्या कडेने उभी, त्यांच्या मागे माडापोफळींची वाडी आणि वाडी संपली की पुळण. समुद्राच्या अंगास असलेल्या घराची ओटीही रस्त्याकडे, म्हणजे माणसांकडे. समुद्राकडे असते ती परसबाजू. ज्यांनी खारा वारा व आषाढातील झोड पिढ्यान् पिढ्या सोसली, त्यांनी समुद्राकडे पाठ करून घर बांधले यात नवल ते काय?

युरोपातही स्थिती फारशी निराळी नव्हती. तेथे सरोवरे व पर्वत यांच्या दर्शनाचे वेड पसरले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याचे मोठे श्रेय एका कादंबरीकडे जाते. रूसोची ‘ज्यूली’ ही कादंबरी १७६१ साली प्रसिद्ध झाली. तिचे कथानक स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या सरोवराकाठी, व्हेव्हे व क्लारां या गावांच्या परिसरात घडते. ती वाचून लोक त्या काठाच्या यात्रेस निघाले. १८१६ मध्ये बायरन व शेली यांनीही ही वारी केली. पुढे एकोणिसाव्या शतकात त्या काठावर मोठमोठी हॉटेले उभी राहिली आणि ज्या खोलीतून पाणी दिसते तिचे भाडे अधिक, हा व्यवहार रूढ झाला. देखावा ही विकाऊ वस्तू झाली.

याच काठावर, व्हेव्हेला लागून असलेल्या कोर्सो या गावी, १९२३-२४ साली एक लहानसे घर बांधले गेले. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात त्यास मोठे स्थान आहे. तथापि आम्हांस त्याची थोरवी निराळ्याच ठिकाणी दिसते. पाण्याकडे पाहणाऱ्या घराने पाण्याकडे किती पाहावे, हा प्रश्न या घराने विचारला आणि त्याचे उत्तर एका भिंतीने दिले.

घर बांधणारा शार्ल-एद्वार जानरे, म्हणजेच जगास ठाऊक असलेला ल कॉर्ब्युझिए. घर बांधले ते आपल्या आईवडिलांसाठी. हा संबंध ध्यानात घेतल्यावाचून घराचा अर्थ उलगडत नाही. वडील ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात तबकड्यांवर मीनाकाम करीत. डोंगर चढण्याचा त्यांना नाद होता. आई पियानो शिकवी. मुलाने १९१२ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांच्यासाठी गावाबाहेरील चढावर एक ऐसपैस घर बांधले होते. घर देखणे होते, पण कुटुंबाच्या ऐपतीबाहेरचे होते. उभयतांची आयुष्यभराची पुंजी त्यात गुंतली. १९१७ मध्ये मुलगा पॅरिसला निघून गेला आणि १९१९ मध्ये ते घर तोटा सोसून विकावे लागले. उतारवयात आईबाप स्वतःच्या घराला मुकले. मुलाच्या हौसेखातर आईबापांनी खस्ता खाल्ल्याची उदाहरणे आपल्याकडेही घरोघर सापडतील. पण मुलाची हौसच दगडविटांची असली म्हणजे तोटाही तसाच भारी होतो.

दुसरे घर बांधताना तोच मुलगा अगदी उलट टोकाला गेला. १९५४ साली त्याने या घरावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तो सांगतो, की घराचा आराखडा आधी तयार झाला आणि मग तो खिशात घालून त्याने जागेचा शोध घेतला. लोक जमीन घेतात व मग तीवर घर बेततात. येथे घर आधी बेतले व मग त्यास शोभेल अशी जमीन पाहिली. अटी मोजक्याच: दक्षिणेचे ऊन, समोर सरोवर, पलीकडे आल्प्स. तशी जागा कोर्सो येथे मिळाली आणि आराखडा तीवर हातमोज्यासारखा चपखल बसला.

घराची मापे ऐकून आपणास हसू येईल. लांबी १६ मीटर, रुंदी ४ मीटर. म्हणजे अवघी ६४ चौरस मीटर जागा. उंचीही बेताचीच, सुमारे अडीच मीटर. पाण्यापासून अंतर चार मीटरांचे. एका ओळीत बैठक, निजण्याची जागा व स्नानगृह. पाहुणा आला तर सरकत्या आडोशाने एक कोपरा वेगळा करावयाचा. पण दक्षिणेच्या भिंतीत एकच सलग खिडकी, ११ मीटर लांबीची! बसताना, निजताना, तोंड धुताना सरोवर सोबतीस आहेच. त्याच सुमारास ऑग्युस्त पेरे या ज्येष्ठ वास्तुकाराशी कॉर्ब्युझिएचा वाद जुंपला होता. खिडकी माणसासारखी उभी असावी, असे पेरेचे म्हणणे. आडवी असावी, असे शिष्याचे. या घराची खिडकी शिष्याने आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून पुढे केली. वर सपाट छपरावर मातीचा थर देऊन गवत व फुले वाढू दिली. त्या मातीने उन्हाचा ताप छपरास कमी लागे. कुत्र्याचाही विसर पडला नाही. त्याला रस्त्यावरचे येणारेजाणारे दिसावेत म्हणून कुंपणाच्या भिंतीत जाळीचा झरोका व त्याखाली एक पायरी केली होती.

आता त्या भिंतीकडे वळू. घरालगत एक लहानशी बाग आहे. ज्याला देखाव्याची एवढी ओढ, तो बागेची पाण्याकडची बाजू सताड उघडी ठेवील, असे कोणासही वाटेल. त्याने नेमके उलटे केले. बागेला भिंती घातल्या आणि सरोवराच्या बाजूसही भिंत उभारली. मग तीत एक चौकोनी भोक ठेवले आणि त्यापाशी एक टेबल मांडले. त्याचे म्हणणे असे, की सर्व दिशांनी सदैव समोर असणारा देखावा माणसास शिणवतो. थोड्याच दिवसांत डोळा त्याकडे पाहीनासा होतो. म्हणून त्यास आडवावे, मोजावे आणि मोजक्या जागीच उघडावे. देवळाच्या गाभाऱ्यास चारी बाजूंनी दारे ठेवीत नाहीत, हे आपणास वेगळे समजावून द्यावयास नको.

घराची आडवी खिडकी व बागेची भिंत एकमेकींस छेद देतात, असा आक्षेप घेता येईल. आमच्या मते त्या पूरक आहेत. आत बसणाऱ्यास ऊब व उजेड हवा, म्हणून तेथे सढळपणा. बाहेर बसणाऱ्यास निवारा हवा, म्हणून तेथे संयम. शिवाय बांधणाऱ्याने एकदा आईबापांची पुंजी घालवली होती. या घराचे लहानपण हे तत्त्व होते की काटकसर होती? आम्ही म्हणू, दोन्ही. इतिहासात पुष्कळ तत्त्वे गरजेच्या पोटीच जन्मास आली आहेत.

घरात दोष नव्हते असे नाही. सरोवराची पातळी वरखाली होई. पाण्याच्या दाबाने घराचे तळघर नावेसारखे उचलले गेले आणि घरास तडा गेला. हे सारे कर्त्यानेच लिहून ठेवले आहे. पुढे उत्तरेची बाजू जस्ती पत्र्याने व दक्षिणेची ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवावी लागली. घर पुरे झाल्यावर स्थानिक ग्रामसभेने असले बांधकाम म्हणजे निसर्गाविरुद्ध गुन्हा ठरवून त्याचे अनुकरण करण्यास मनाई केली, असेही तो सांगतो. वडिलांना हे घर फार दिवस लाभले नाही. एप्रिल १९२६ मध्ये ते वारले. आई मात्र तेथे सुमारे पस्तीस वर्षे राहिली आणि शंभरीच्या उंबरठ्यावर, फेब्रुवारी १९६० मध्ये, निवर्तली. तिच्यामागे थोरला मुलगा आल्बेर, जो संगीतज्ञ होता, १९७३ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत तेथेच राहिला. घराची परीक्षा नकाशावर होत नाही; एक म्हातारी बाई तेथे एकटीने वर्षानुवर्षे सुखाने राहू शकते की नाही, यावर होते. त्या परीक्षेत हे घर उतरले.

या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. २०१६ साली युनेस्कोने सात देशांतील कॉर्ब्युझिएच्या सतरा कृती जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या. त्यांत कोर्सोचे हे घर आहे, तसाच चंडीगडचा राजधानी-संकुलाचा भागही आहे. त्याच चंडीगडात १९५८ साली, सुखना नावाच्या पावसाळी ओढ्यास बांध घालून, सुमारे ३ चौरस किलोमीटरांचे सरोवर निर्माण करण्यात आले. त्याच्या काठावर मंत्र्यांचे बंगले आले नाहीत. आला तो सर्वांसाठी फिरण्याचा रस्ता. आईवडिलांच्या घराकरिता ज्याने पाणी एका चौकोनात मापून घेतले, त्याच्याच नगरात पाणी सगळ्या गावास मोकळे राहिले. घरास भिंत हवी आणि गावास काठ हवा, हे दोन्ही त्यात आले.

आज मुंबईत समुद्र दिसणाऱ्या सदनिकेची किंमत त्या दिसण्यावर ठरते. जमिनीपासून छतापर्यंत काचा लावतात आणि ऊन सोसवेना म्हणून दिवसभर त्यांवर पडदे ओढून ठेवतात! मागच्या ओळीतल्या घरांचा समुद्र झाकला जातो तो निराळाच. अशा वेळी ६४ चौरस मीटरांच्या त्या घराची आठवण धरावी, असे आम्हांस वाटते. पाण्याचा देखावा विकत घेता येतो. परंतु तो रोज नवा वाटावा यासाठी थोडा आडोसा स्वतःच्या हाताने उभारावा लागतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी त्यालाही दिसू द्यावे लागते.