चुलीतली वीज

आमच्या भिंगारच्या जुन्या घरात मातीची चूल होती आणि फुंकणीने जाळ करता करता आईचे डोळे कायम लाल असायचे. हल्ली नातवंडांना 'वैल' म्हणजे काय तेही सांगावे लागते. (चुलीचे शेजारचे दुसरे तोंड, जाळ तिकडे वळवून आमटी कढत ठेवायची.) त्या धुराचा त्रास सगळ्यांना माहीत होता, पण तो मोजण्याचे काम फारसे कोणी केले नव्हते. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांतल्या स्वयंपाकघरांत तो मोजला आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

बिनधुराची चूल मात्र त्याच्याही आधीची. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून 'मगन चूल' निघाली. पुढे १९५३ च्या सुमारास हैदराबादला एस. पी. राजू यांनी धुरांड्याची चूल केली. मग १९८३ मध्येच केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. बसल्या किती हे मोजले गेले, पेटतात किती याकडे फारसे कोणी पाहिले नाही. धुरांडे काजळीने तुंबले की ते साफ कोण करणार? शिवाय आपल्याकडची खरी अडचण भाकरीची. तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यापुढे उभी करून फुगवायची असते. चुलीचे तोंड लहान केले की ती कुठे ठेवायची! साहेबांना कोणी भाकरी थापायला लावली असती तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

पुण्याच्या 'आरती' संस्थेला हे कळले होते, असे मला वाटते. इरावतीबाई कर्व्यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांनी ती १९९६ साली सुरू केली. चूल फुकट वाटण्याऐवजी गावातल्या कुंभारांना आणि बायकांना ती करायला व विकायला शिकवायची, हा त्यांचा रस्ता. मोडली तर करणारा गावातच सापडतो. शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या त्यांच्या पद्धतीला २००२ मध्ये इंग्लंडचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. आपल्या उसाच्या नगर जिल्ह्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पुढची पायरी पंख्याची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने 'ऊर्जा' नावाची चूल आली. छोटा पंखा हवा पुरवतो, त्यामुळे जळण पुरते जळते आणि धूर फार कमी होतो. सुमारे चार लाख चुली खपल्या. पण तिला शेतातल्या कचऱ्याच्या खास गोळ्याच लागत. त्या महागल्या आणि चुली कोपऱ्यात गेल्या. पंख्याची बॅटरी चार्ज करायची म्हणजे वीज हवी, आणि भारनियमनाचे ते दिवस तुम्हाला आठवत असतीलच.

यावर तोड म्हणजे वीज चुलीतूनच घ्यायची! सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये दाखवले होते की दोन वेगळे धातू जोडून एक सांधा तापवला आणि दुसरा गार ठेवला तर त्यातून वीज वाहते. रशियात तर रॉकेलच्या दिव्याच्या उष्णतेवर रेडिओ चालवीत. न्यूयॉर्कच्या बायोलाइट कंपनीने हेच तत्त्व 'होमस्टोव्ह' या लाकडाच्या चुलीत वापरले. वीज जेमतेम काही वॅट, पण पंखा चालतो आणि उरलेल्या विजेवर मोबाईल चार्ज होतो. मला गंमत वाटते ती याची, की बाईच्या डोळ्यांसाठी नवी चूल घ्यायला जो घरधनी तयार नसतो, तो मोबाईलसाठी कदाचित पैसे काढील.

दरम्यान २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, २०१७ मध्ये सौभाग्य. लाईट बहुतेक घरांत पोचली, त्यामुळे चुलीतल्या विजेची निकड कमी झाली. सिलिंडरही आला. पण तो पुरवून पुरवून वापरतात. चहा गॅसवर, आणि आंघोळीचे पाणी व भाकरी अजून परसातल्या तीन दगडांवर, तुराट्या आणि गोवऱ्या घालून.