मार्क्विस : सरहद्दीचा सरदार

इंग्लंडमध्ये घर केल्यापासून ड्यूक, अर्ल, बॅरन ही नावं कानांवरून जात होती. अडलो मार्क्विसपाशी. जुन्या फ्रेंच 'मार्श'चा अर्थ सरहद्दीचा मुलूख. तो सांभाळणारा तो मार्क्विस, जर्मनीत 'मार्कग्राफ'. शत्रू शेजारीच, म्हणून त्याच्याकडे फौज जास्त आणि अधिकारही जास्त. डेन्मार्कमधला 'मार्क' हाच.

इंग्लंडला मात्र हा किताब पचायला वेळ लागला. दुसऱ्या रिचर्डने 1385 मध्ये आपल्या लाडक्या रॉबर्ट द व्हेरला डब्लिनचा मार्क्विस केलं, आणि बाकीचे अर्ल भडकले. कालचा बरोबरीचा माणूस आज आपल्या वर बसणार! पुढे जॉन बोफर्टचा मार्क्विस किताब 1399 मध्ये काढून घेतला गेला. 1402 मध्ये पार्लमेंटने तो परत द्यावा म्हणून अर्ज केला, तर त्यानेच नको म्हटलं. कारण काय, तर हे नाव या देशात परकं आहे!

आता आपल्याकडची गंमत पाहा. कॉर्नवॉलिस 1792 मध्ये टिपूवरच्या मोहिमेनंतर मार्क्विस झाला (त्या मोहिमेत हरिपंत फडके त्याच्या बाजूने होते, हे आपण सोयीने विसरतो). वेलस्ली 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर. पण किताब आयर्लंडचा मिळाला म्हणून स्वारी रुसली. नेपाळ युद्धानंतर 1817 मध्ये हेस्टिंग्ज, आणि त्यानेच पुढच्या वर्षी पेशवाई बुडवली. पंजाब घेतल्यावर 1849 मध्ये डलहौसी. मूळ अर्थ सरहद्द राखणारा. इथे मात्र सरहद्द पुढे ढकलणाऱ्याला बक्षीस! शेवटचा नवा मार्क्विसही आपल्याच व्हाइसरॉयांपैकी, 1936 चा विलिंग्डन.

शाळेत ही नावं आम्ही सनावळीसाठी घोकली. किताबाची किंमत कोणाच्या मुलखाने चुकवली, हे काही परीक्षेत आलं नाही.

आणखी एक. फारसीत सरहद्द म्हणजे 'मर्ज', याच युरोपीय शब्दाचा दूरचा भाऊ. सासानी इराणमध्ये सीमेवरच्या सुभेदाराला 'मर्जबान' म्हणत. म्हणजे अर्थाने मार्क्विसच! मुंबईत 1822 साली 'मुंबई समाचार' काढणारे फर्दुनजी मर्झबान. बोरीबंदरजवळच्या मर्झबान रोडवरून स्टर्लिंगला सिनेमा बघायला कितीदा गेलो असेन, पाटीकडे कधी मान वर करून पाहिलं नाही.