बंद शटरमागची शेव्हरोले



मोटारींची आवड असलेल्या माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचारून बघा, एक स्वप्न त्याला कधी ना कधी पडलेलंच असतं. जुन्या वस्तीत एक बंद शटर. कुलूप गंजलेलं. कसंबसं शटर वर करून आत गेलं की धुळीखाली गाड्यांची रांग. सगळ्या नव्या कोऱ्या, मीटर शून्याजवळ. मालक कधीच वारला, मुलं परगावी, आणि इथे मोटारींचं दुकान होतं हे गाव विसरून गेलेलं. माझ्या स्वप्नात ते शटर इंदूरच्या सियागंजात मागच्या गल्लीत असतं. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे आत शिरल्याबरोबर मी आधी स्टॉक रजिस्टर शोधायला लागतो. बायको म्हणते, झोपेतसुद्धा तुमचं इन्स्पेक्शन चालूच!

पण हे स्वप्न जगात एका ठिकाणी खरं झालेलं आहे. अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या पिअर्स नावाच्या गावात. वस्ती दोन हजारांच्या आतली, आजूबाजूला शेती. तिथे १९४६ साली रे लॅम्ब्रेक्ट नावाच्या माणसाने शेव्हरोलेची एजन्सी सुरू केली आणि बायको मिल्ड्रेडच्या सोबतीने पन्नास वर्षं चालवली. १९९६ साली दुकान बंद केलं. या गृहस्थाची एक वेगळीच रीत होती. गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच आपला शेवटचा भाव सांगायचा. वर्ष संपलं आणि एखादी नवी गाडी उरली, तर किंमत पाडून विकण्याऐवजी ती आत ठेवून द्यायची. बदल्यात आलेल्या जुन्या गाड्या पुन्हा विकण्यातही त्याला फारसा रस नव्हता, त्या शेतात आणि झाडीत जाऊन उभ्या राहायच्या. असं करता करता पाचशेच्या आसपास गाड्या साठल्या. शेवटी सप्टेंबर २०१३ मध्ये दोन दिवस उघड्या शेतात लिलाव झाला, तेव्हा गावाच्या वस्तीच्या कित्येक पट माणसं लोटली. १९५८ सालचा एक कॅमिओ पिकअप, मीटरवर अवघे १.३ मैल, तो १,४०,००० डॉलरला गेला.

आकडा ऐकून डोळे फिरतात. माझेही फिरले. मग सवयीप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नवी असताना ती गाडी दोन-सव्वादोन हजार डॉलरची. पंचावन्न वर्षांत तिचे १,४०,००० झाले. म्हणजे चक्रवाढीने वर्षाला पावणेआठ-आठ टक्के. बस्स. एवढं व्याज तर आपल्या पिढीतल्या साध्यासुध्या माणसाने फिक्स्ड डिपॉझिटवरही पाहिलेलं आहे, आणि डिपॉझिटच्या पावतीला गंज लागत नाही. शिवाय ही लिलावातली सर्वांत नावाजलेली गाडी. एकूण लिलाव झाला सुमारे अठ्ठावीस लाख डॉलरचा. पाचशेने भागा, गाडीमागे साडेपाच हजारांच्या आसपास. बहुतेक गाड्या जुन्या, उन्हापावसात उभ्या राहून सडलेल्या, आणि नव्या होत्या त्यांतल्याही काहींवर छप्पर गळून गळून पाणी झिरपलेलं. तेव्हा धंदा म्हणून पाहिलं तर खजिना नाहीच.

दुसरी एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. ज्या मालावर कर्ज आहे तो माल कुणी विसरू शकत नाही. अमेरिकेतसुद्धा एजन्सीवाले गाड्या उचलतात त्या उधारीवरच. गाडी विकली की सावकाराचे पैसे द्यायचे, नाही विकली तर व्याज चढत राहतं. तेव्हा इतक्या गाड्या इतकी वर्षं निवांत पडून राहिल्या, याचा अर्थ त्यांच्यावर कुणाचं देणं उरलं नसणार. विसरून जायलासुद्धा ऐपत लागते.

आता आपल्याकडे या.

पिअर्सला जी शेव्हरोले विकली जात होती तीच शेव्हरोले एकेकाळी मुंबईला शिवडीत जोडली जायची. जनरल मोटर्सने १९२८ साली तिथे कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे, इथे जुळवणी व्हायची, आणि तयार गाड्या रेल्वेने गावोगावच्या एजंटांकडे जायच्या. लॅम्ब्रेक्टने दुकान उघडलं तेव्हा शिवडीचा कारखाना चालू होता. पण स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं की नुसती जुळवणी नको, गाडी इथेच बनवा. १९५३ साली टॅरिफ कमिशननेही तेच म्हटलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनी गाशा गुंडाळला. उरले आपले वालचंद हिराचंद यांचे कुर्ल्याचे प्रीमियर, बिर्लांचे हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासचे स्टँडर्ड. वालचंदशेठ सोलापूरचे, हे आमच्या घरी वडील फियाट दिसली की हटकून सांगायचे. आमच्याकडे फियाट नव्हती, पण अभिमान होता.

पुढची तीस वर्षं कशी गेली ते तुम्हाला सांगायला नको. गाडीला नंबर लावायचा आणि वाट पाहायची. नव्या फियाटपेक्षा दोन वर्षं वापरलेली फियाट महाग मिळायची, कारण ती आज मिळायची. स्कूटरचंही तेच. अशा राज्यात शोरूममध्ये गाडी उरणार कशी? गाडी यायच्या आधीच तिचा मालक ठरलेला, त्याच्यामागे आणखी शंभर जण उभे. काचेमागे जी एक गाडी दिसायची तीही डिलिव्हरीची वाट पाहणारी.

आणि मध्ये आम्ही बँकवाले. वाहन विक्रेत्याला कॅश क्रेडिट दिलं की माल बँकेकडे हायपोथिकेटेड. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट. त्यावरून ड्रॉइंग पॉवर काढायची, पडून राहिलेला जुना माल वगळायचा. अधूनमधून न सांगता जाऊन चेसिस नंबर पडताळून यायचे. भर उन्हाळ्यात गोडाऊनमध्ये बॉनेटखाली मान घालून, घाम पुसत पुसत मी शेकडो नंबर वाचले आहेत. एका ठिकाणी तर शेठजी म्हणाले, "साहेब, गाडी घ्यायला आलात की जन्मपत्रिका बघायला?" एक गाडी हिशेबात कमी पडली तर संध्याकाळपर्यंत खुलासा लागायचा. आख्खं शोरूम विसरलं जाणं आमच्या हयातीत तरी शक्य नव्हतं. तेव्हा सियागंजातलं माझं शटर हे खास अमेरिकन स्वप्न आहे, आपल्या मातीत ते उगवलेलंच नाही.

आपल्याकडे गाड्या विसरल्या गेल्या त्या दुकानात नाही, मोटारखान्यात.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, कोल्हापूर, हैदराबाद, जिथे संस्थान तिथे मोटारखाना. महाराजांच्या खास गाड्या दुकानाच्या काचेमागून निवडलेल्या नसत. आमच्या यशवंतराव होळकरांच्या ड्युसेनबर्गचंच घ्या. इंजिन आणि चेसिस अमेरिकेत इंडियानापोलिसला बनलं. तिथून ते लंडनला गर्नी नटिंग या बॉडी बनवणाऱ्यांकडे गेलं. त्यांनी त्यावर दोन माणसांची लांबलचक केशरी-काळी बॉडी चढवली. सुपरचार्जर बसवलेलं इंजिन, कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा, आणि काळ १९३०च्या दशकाच्या मध्याचा! पिअर्सच्या शेतकऱ्यांनी घेतलेली शेव्हरोले आणि ही गाडी, दोन्ही अमेरिकेच्याच. पण शेव्हरोलेला एजन्सी लागते, ड्युसेनबर्गला फक्त एक मालक लागतो. ही गाडी पुढे फिरून अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. लेक सासरहून माहेरी परतावी तशी, फक्त दागिन्यांसकट.

तिच्यासारख्या कितीतरी का गेल्या, याचा क्रम मात्र समजून घेण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं. मोठ्या गाड्या, ज्यांना पेट्रोल पाण्यासारखं लागायचं, त्या ठोकळ्यांवर चढल्या. मग १९४८ साली आपलं होळकर राज्य मध्यभारतात विलीन झालं आणि १९५६ साली मध्यभारत मध्य प्रदेशात. आठ वर्षांत तीन राज्यं! त्या धांदलीत कचेऱ्या हलल्या, दप्तरं हलली, कुठली गाडी सरकारी आणि कुठली खाजगी याचे वाद झाले. १९७१ साली तनखे बंद झाले. तोपर्यंत परदेशी शौकीन येऊन भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात गाड्या उचलून नेत होते. १९७२ साली सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली. तोवर गावातली वरात निघून गेली होती, आपण मांडवाला कुलूप लावलं. ज्या उरल्या त्यांतल्या पुष्कळशा प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्यांनी गोळा केल्या म्हणून अहमदाबादजवळ आज पाहायला तरी मिळतात. माणिकबागेतलं फर्निचरदेखील १९८० साली मोनॅकोला लिलावात विकलं गेलं. त्या महालात आता केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी आहे. मी कामानिमित्त तिथे गेलेलो आहे. व्हरांड्यात फायलींची कपाटं होती आणि मला उगाचच गाड्या कुठे लागत असतील असं वाटत राहिलं.

बाकीच्या गावांच्या मंडळींनी रागावू नये म्हणून दोन ओळी. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडे 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस होती. तिने १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मोटार चाचणी घाट चढून जिंकली आणि मग ती महाराजांनी घेतली. म्हणजे ग्वाल्हेरच्या गाडीने नाव कमावलं ते आपल्या घाटांवर. हैदराबादला सहाव्या निजामाने मागवलेली पिवळी सिल्व्हर घोस्ट आली तेव्हा मागवणारा हयात नव्हता. ती आज चौमहल्ल्यात काचेमागे उभी आहे, अवश्य पाहा. आणि बडोदेकरांनो, तुमच्या लक्ष्मीविलासच्या हिरवळीवर जानेवारी २०२३ मध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला होता, त्याचे फोटो पाहून मला हेवा वाटला.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. रामबागेत आमच्या वाड्यात मागच्या खोलीत एक काका राहायचे. होळकरांच्या मोटारखान्यात फिटर होते. मी शाळेत असताना ते निवृत्तच होते. कुणाची गाडी बिघडली की त्यांना बोलावणं यायचं. ते चिमण्यांना दाणे टाकायला निघावेत इतक्या सावकाश निघायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "तिसरा व्हॉल्व्ह. भिया, घासला आहे तो." उघडून पाहिलं की तिसराच निघायचा. इंग्रजी दोन अक्षरं येत नव्हती, पण कार्ब्युरेटरचे भाग ते इंग्रजी नावानेच सांगायचे, आपल्याच उच्चारात. त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. त्यात नोकरीचे कागद, एका गोऱ्या इंजिनिअराने दिलेलं सर्टिफिकेट, गाडीसमोर ओळीने उभ्या असलेल्या माणसांचा एक फोटो. ते गेल्यावर खोली रिकामी झाली आणि ट्रंक लोहामंडीला गेली. कागद रद्दीत.

त्या फोटोतल्या गाडीचा इंजिन नंबर आज जगातला कुठलाही संग्राहक सांगेल. ती कुठे बनली, कुणाकडून कुणाकडे गेली, रंग कितव्यांदा दिला, सगळं छापील आहे. पण तिच्यासमोर उभ्या असलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. ड्रायव्हर, क्लीनर, फिटर, भात्यावर बसणारा, गादीचं शिवणकाम करणारा. यातली कितीतरी मंडळी आपलीच होती. पिढ्यांपूर्वी देशावरून आली आणि इथेच राहिली.

२०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नवे नियम केले. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. गाडीची नोंद व्हायची सोय झाली, चांगलं झालं. माणसांची नोंद करायला फी नाही, फॉर्म नाही, पण ते काम आपल्यालाच करायला हवं.

म्हणून विनंती. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबा मोटारखान्यात, गॅरेजमध्ये किंवा एखाद्या मोटार एजन्सीत होते का? ट्रंका, पोटमाळा, देवघराखालचा कप्पा एकदा बघा. जुनं ड्रायव्हिंग लायसन्स, पगाराची चिठ्ठी, सुट्या भागांचा कॅटलॉग, बिल्ला, काहीही चालेल. फोटो सापडला तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून इथे टाका, मागे कधीकधी नावं असतात. आणि नावं नसतील तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ आजच बसा, विचारा आणि मागच्या बाजूला लिहून ठेवा. बॉलपेनने नको, पुढे शाई उमटते. साध्या पेन्सिलीने, हलक्या हाताने.