काळी, पांढरी आणि टाऊन हॉल

श्रीपाळ राजाला कुष्ठ झालं होतं. रानात हिंडताना त्याने एका तळ्यावर हात-तोंड धुतलं आणि घरी आल्यावर राणीच्या लक्षात आलं, की पाणी लागलं तेवढ्याच भागावरचा रोग गेला आहे. दुसऱ्या दिवशी राजा त्या तळ्यात अंग बुडवून आला. मग स्वप्न पडलं. तळ्याच्या तळाशी पार्श्वनाथाची मूर्ती आहे, ती काढ, गाडीत ठेव, गाडीला सात दिवसांची वासरं जुंप, गाडी स्वतः हाक आणि वाटेत मागे वळून पाहू नकोस. राजाने सगळं ऐकलं, शेवटची अट तेवढी मोडली. मूर्ती खरंच गाडीत आहे ना, अशी शंका येऊन त्याने मान वळवली. गाडी पुढे निघून गेली, मूर्ती जागच्या जागी अधांतरी राहिली. राजाला देऊळ तिथेच बांधावं लागलं आणि भोवती स्वतःच्या नावाचं गाव वसवावं लागलं. ते श्रीपूर, म्हणजे आजचं वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन.

ही कथा चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात लिहून ठेवली. लोकांच्या तोंडी राजा कधी एल होतो, अचलपूरचा होतो. पण सांगाडा तोच राहतो: दुखणं, कामगिरी, अट, चूक आणि चुकीच्या जागी उभं राहिलेलं गाव. मोबाइलवर गाव वसवत बसणाऱ्या पोराला ही गोष्ट सांगून पाहा. त्याला त्यात काहीच नवल वाटणार नाही. फार तर विचारेल, मागे बघायच्या आधी राजाने गेम सेव्ह का नव्हता केला?

त्या पोराच्या हातातल्या खेळाला मराठीत अजून नीट नाव नाही. मोकळं रान, चार माणसं, कुऱ्हाड आणि थोडं धान्य यांवर सुरुवात करायची. झाडं तोडायची, विहीर खणायची, गिरणी घालायची, माणसं वाढली की घरं वाढवायची. सोबतीला राक्षस, जादू, भूत-पिशाच्च. शिवाय त्या गावात आपण स्वतः कुणीतरी असतो, नाव असलेले, अंगात कमी-जास्त बळ असलेले. या खेळाच्या घरात दोन घराण्यांचं रक्त आहे, एक हिशेबाचं, एक गोष्टीचं. गोष्टीचं रक्त पातळ, चवीपुरतं, असं समजण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही.

हिशेबाच्या घराण्याचा मूळ पुरुष ही एक बाई आहे, आणि तीही शाळामास्तरीण. मेबल ॲडिस अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात प्राथमिक शाळेत शिकवायच्या. तिथल्या शिक्षण मंडळाने आणि आयबीएमने मिळून एक प्रयोग काढला होता, संगणकावर मुलांना अर्थशास्त्र शिकवता येतं का ते पाहण्याचा. ॲडिसबाईंनी गोष्ट लिहिली, विल्यम मॅकेने ती आयबीएमच्या यंत्रावर चढवली आणि १९६४ साली सहावीतल्या मुलांनी ‘द सुमेरियन गेम’ खेळून पाहिला. पडदा नव्हता. टंकयंत्रासारख्या यंत्रावर कागद सरकत यायचा आणि त्यावर लगाश नगरीचा कारभारी हिशेब मांडायचा: यंदा एवढं पिकलं, एवढी तोंडं आहेत. खायला किती, बियाण्याला किती, कोठारात किती, ते राजाने सांगायचं. पुढच्या टप्प्यात कारागीर यायचे, त्यापुढे व्यापार. मधेच आग, पूर.

आपल्या खेड्यातल्या कुठल्याही घरकारभारणीला हा खेळ शिकवावा लागला नसता. पेव कधी उघडायचं आणि बियाणं म्हणून काय राखायचं हाच तर तिचा जन्मभराचा खेळ. पण एक गोष्ट नजरेतून सुटू नये: ॲडिसबाईंनी मुलांना नुसतं कोष्टक दिलं नाही. त्यांना लुडुगा नावाचा राजा केलं, एक मेला की त्याचा वारस. म्हणजे घराण्याच्या पहिल्याच पिढीत सोंग होतं, आणि ते पुढच्या पिढीने उतरवून ठेवलं.

पुढची पिढी १९६८ची. डग डायमेंट या माणसाच्या कानावर सुमेरियन खेळाची वार्ता आली आणि त्याने लहान संगणकात मावेल असा त्याचा आटीव अवतार केला. डेव्हिड आलने तो बेसिक भाषेत आणून १९७३ साली पुस्तकात छापला, ‘हमुराबी’ या एक ‘म’ गळालेल्या नावाने. शंभर माणसं, हजार एकर जमीन, कोठारात अठ्ठावीसशे मापं धान्य. माणशी वर्षाला वीस मापं पोटाला लागणार. एका मापाचं बियाणं दोन एकरांना पुरणार. एक माणूस दहा एकरच कसणार. दहा वर्षं राज्य टिकवा. उंदीर किती खातील ते तुमच्या हातात नाही, आणि एका वर्षात शंभरातली पंचेचाळीसहून जास्त माणसं उपाशी मेली तर प्रजा तुम्हाला हाकलून देईल. (हा शेवटचा नियम मला सगळ्यात काल्पनिक वाटतो.) पुस्तकातली ओळन् ओळ टंकून घेऊन जगभरच्या पोरांनी हा खेळ आपापल्या यंत्रावर चालवला. गाव वसवण्याच्या सगळ्या खेळांची कुंडली इथे येऊन मिळते.

इथून हे घराणं फोफावलं, पण त्याचा राजा उंच उंच जाऊन ढगात बसला. विल राइट बॉम्ब टाकायच्या एका खेळासाठी बेटांचे नकाशे आखत होता, तेव्हा त्याला कळलं, की बेट उडवण्यापेक्षा ते मांडण्यातच मजा जास्त आहे. त्यातून १९८९ साली ‘सिमसिटी’ आला. त्यात खेळणारा नावाचा नगराध्यक्ष आहे, प्रत्यक्षात नुसता डोळा. वरून बघायचं, रस्ता ओढायचा, कर लावायचा.

१९९३ साली जर्मनीत फोल्कर वेर्टिखने ‘द सेटलर्स’ केला. मराठी माणसाने थांबून बघावा असा हा खेळ आहे. लाकूडतोड्या झाड पाडतो, करवतीवर फळ्या होतात. शेतकरी गहू देतो, गिरणी पीठ, भट्टी पाव. पाव खाणीत गेला की कोळसा आणि लोखंड बाहेर येतं, त्याची अवजारं होतात आणि अवजारांतून पुन्हा शेतकरी. रस्त्यावर छोटी छोटी माणसं एकमेकांच्या हातात ओझी देत असतात. एक दुवा तुटला की भलत्याच टोकाला चूल विझते. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिलं ते याच चित्राबद्दल. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती, आणि दोहोंमध्ये बलुत्याच्या बोलीवर फिरणारे सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग, न्हावी, परीट. खळ्यावर ज्याचा त्याचा वाटा.

पण सारखेपणा इथेच संपतो. वेर्टिखच्या खेळात बिनकामाचा माणूस कोठारातून करवत उचलतो आणि सुतार होतो, कुदळ उचलली तर खाणकामगार. माणूस अवजाराने ठरतो. आपल्या गावगाड्यात तो आईच्या पोटातच ठरायचा, आणि काहींच्या वाट्याला आलेल्या कामाला अवजारही नसायचं, नुसती वर्दी आणि मेलेलं जनावर. गावगाड्याला सुंदर यंत्र म्हणणाऱ्यांना मी हा जर्मन खेळ एकदा खेळायला लावीन. यंत्र तेच, फक्त माणसाला बदलायची मुभा दिलेली.

आता दुसरं घराणं. इथे भातुकलीशी सोयरीक जुळवायचा मोह होतो, मी तो आवरतो. भातुकलीत सोंग आहे, पण हिशेब नाही. तिथे बाहुली उपाशी मरत नाही. गोष्टीच्या घराण्याला हिशेबाची भाषा आली ती १९७४ साली, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-पेन्सिल-फाशांच्या खेळातून. एक योद्धा व्हा, भुयारात उतरा, अनुभव मिळवा, पायऱ्या चढा. पायरीला त्यांनी लेव्हल म्हटलं. जैन घरात वाढलेल्याला ही कल्पना समजवावी लागत नाही. त्याच्याकडे आत्म्याच्या चढणीची चौदा गुणस्थानं आहेतच, आणि त्यांत अकराव्यावर गेलेला जीव हमखास खाली घसरतो असा नियमही आहे. इतका कडक नियम अजून कुठल्या खेळात आलेला माझ्या पाहण्यात नाही. मौज म्हणजे गायगॅक्सच्या योद्ध्यालाही नवव्या लेव्हलला गढी बांधायची, वस्ती वसवायची आणि सारा गोळा करायची मुभा होती. भुयारातून वर आलेला माणूस शेवटी पाटीलकीच मागतो.

दोन्ही घराण्यांची सोयरीक खरी जमली जपानात. डिसेंबर १९९० मध्ये ‘ॲक्टरेझर’ निघाला. त्यात आपण देव. आधी मूर्तीत शिरून तलवार घेऊन राक्षस मारायचे, मग ढगात परत जाऊन लोकांना सांगायचं, रस्ता इकडे काढा, ते रान जाळा, तिथे वीज पाडतो. लोक घरं बांधतात, देवळात येऊन गाऱ्हाणी घालतात, सापडलेल्या वस्तू वाहतात. आणि या खेळातली खरी कारागिरी अशी, की देवाची ताकद राक्षस मारून वाढत नाही, गावाची लोकसंख्या वाढली की वाढते. माणसं वाढली तर देव मोठा.

शिरपूरकरांना हे कुणी सांगायला नको. तिथली कथाही हेच म्हणते, उलट बाजूने. एकेकाळी मूर्ती इतकी उंच होती, की डोक्यावर घागर घेतलेली बाई खालून निघून जाई. आता जमीन आणि मूर्ती यांतून कापड तेवढं सरकवता येतं. नंतरच्या एका कथेत राजाला देवळाचा अभिमान झाला आणि मूर्ती त्याच्या देवळात जायलाच तयार झाली नाही. बांधणाऱ्याचं मन हाही इथे एक आकडा आहे. जे कुठल्याच खेळात नाही ते म्हणजे कोर्ट. या मूर्तीच्या पूजेवरून दिगंबर आणि श्वेतांबर यांचा दावा १९१० साली अकोल्यात लागला, १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, पुढे देऊळ चार दशकं बंद राहिलं आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दार उघडलं. राक्षस, दुष्काळ, महापूर सगळं खेळात आहे. तारीख पे तारीख नाही.

१९९६ साली यासुहिरो वादाने राजाला ढगातून पुरता खाली उतरवला. वादा खेड्यात वाढलेला, टोकियोत नोकरीला आलेला. त्याच्या ‘हार्वेस्ट मून’मध्ये आजोबांचं पडीक शेत मिळतं, अंगात दिवसापुरतंच बळ असतं, गावात सण होतात, ओळखीपाळखी होतात, लग्न जमतं. दहा वर्षांनी त्याच कुळातल्या ‘रून फॅक्टरी’ने शेताच्या बांधाला राक्षसांच्या गुहा जोडल्या. मग २०१६ साली एरिक बॅरोनने एकट्याने, चित्रं आणि संगीतासकट, ‘स्टारड्यू व्हॅली’ उभा केला. सकाळी भोपळ्याला पाणी, दुपारी खाणीत भुतं, संध्याकाळी गावातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला भेट. गंमत म्हणजे यात आपण गावाचे मालक नाही. गाव आधीपासून आहे, आपण उशिरा आलेले उपरे.

खेड्यापाड्यांत मात्र पोचला तो दुसराच चुलतभाऊ. २०१२ साली फिनलंडच्या सुपरसेलने काढलेला ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला आणि सोयाबीनच्या पट्ट्यातही टाऊन हॉल उभे राहायला लागले. त्या पोरांना ग्रामपंचायत ठाऊक, टाऊन हॉल कुणी पाहिलेला नाही, पण कितव्या लेव्हलचा आहे ते झोपेत सांगतील. हा खेळ मला आवडत नाही. यात कुणी उपाशी मरत नाही, गावातल्या एकाही माणसाला नाव नाही, आणि इमारतीची लेव्हल वर चढवायला दिवसच्या दिवस थांबावं लागतं, नाहीतर पैसे मोजून ती वाट टाळायची. इथे विकत मिळते ती वाट पाहण्यापासूनची सुटका. लुडुगाच्या कारभाऱ्याने हे कोठार बघून कपाळावर हात मारला असता.

माझ्या मते या कुळाचं खरं पूर्णत्व भलतीकडे आहे, टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी २००६ साली फुकट वाटायला सुरुवात केलेल्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये. चित्रं नव्हतीच, पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. बुटक्यांची एक टोळी घेऊन डोंगरात वस्ती करायची. प्रत्येकाला नाव, आवडीनिवडी, राग, दुःख. बहुतेक वस्त्या बुडतात: पुराने, भुकेने, एखाद्या शोकाने वेड्या झालेल्या कारागिराच्या हातून. वस्ती बुडाली तरी ते जग मात्र राहतं. मग तुम्ही त्याच जगात एकटा वाटसरू होऊन जन्म घेऊ शकता, आठ-दहा दिवस चालत जाऊन त्याच डोंगरात शिरू शकता. आपणच आखलेले जिने, आपणच मांडलेली कोठारं, भिंतींवर आपल्या माणसांनी कोरलेली चित्रं. ज्याने वरून हिशेब केला तोच आता पायी आला आहे, आणि त्याला कुणी ओळखत नाही.

विदर्भात महसुली कागदावर नाव असलेल्या पण माणूस नसलेल्या गावाला रिठ म्हणतात. पटकीने, दुष्काळाने, पेंढाऱ्यांनी किंवा नुसत्या विहिरी आटल्याने उठलेलं गाव. चारी बाजूंना काळी नांगरलेली असते आणि मधे पांढरीचा उंचवटा, खापऱ्यांनी भरलेला. बहुधा एक मारुती मागे उरलेला असतो. शेजारच्या गावातलं कुणीतरी शनिवारी जाऊन त्याला शेंदूर लावून येतं.